घरातला पहिला विद्यार्थी



आजच्या व्याख्यानासाठी मी इतिहासाचा विषय घेतला आहे. पण त्यात लढाई नाही, तह नाही आणि राज्यारोहणही नाही. ज्या घरातले आजवर कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्या घरातले पहिले मूल ती पायरी चढू लागते तेव्हा त्याच्या पायांत काय काय अडकते, आणि आपल्या महाराष्ट्रात ते अडथळे कोणी, केव्हा व कसे दूर केले, एवढाच माझा विषय आहे. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. माझे शिक्षण रात्रीच्या शाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पंडितांनी करावी तशी मांडणी माझ्याकडून होणार नाही. मात्र हिशेब मांडण्याची सवय आम्हा मंडळींना असते. पगार किती, तास किती, कपात किती आणि शेवटी घरी पोचते किती, हे आम्ही रोज पाहतो. शिक्षणाच्या इतिहासाकडेही मी त्याच नजरेने पाहणार आहे.

आपल्याकडे उच्च शिक्षणाचा इतिहास सांगताना १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले येथून प्रारंभ करण्याची रीत आहे. मग १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले, ते महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक, अशी नावे आपण सांगतो. नावे थोर आहेत यात शंका नाही. रानडे यांचे ऋण तर आपल्यासारख्या वसंत व्याख्यानमालांवर विशेष आहे, कारण पुण्यात १८७५ साली ही प्रथा त्यांनीच सुरू केली. परंतु एक साधी गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. विद्यापीठच नवे होते, तेव्हा हे चौघेही आपापल्या घरातले पहिलेच पदवीधर होते. मग ते निभावले कसे?

एक कारण असे की त्यांच्या घरांत अक्षर होते. रानडे यांचे वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते, भांडारकरांचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. दौत, टाक, अर्ज आणि हुकूम या गोष्टींची त्या घरांना ओळख होती. दुसरे कारण पैशाचे. रानडे आणि भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना श्रावणात जी दक्षिणा वाटली जाई, तिच्यासाठी राखलेल्या निधीचा काही भाग इंग्रजी अमलात नव्या शिक्षणाकडे वळवण्यात आला आणि त्यातून या फेलोशिप निघाल्या. म्हणजे आपल्या इलाख्यातले पहिले पदवीधरसुद्धा केवळ स्वतःच्या बुद्धीवर शिकले नाहीत, तर त्यांच्या पाठीशी सार्वजनिक पैसा उभा होता. यात कमीपणा काही नाही. पण आज एखाद्या मजुराच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली की ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

हा सार्वजनिक पैसा येतो कोठून, हा प्रश्न पहिल्याने रोखठोक विचारला तो जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारच्या तिजोरीत सारा भरतो तो रयत, आणि त्या पैशावर शिकतात ते वरच्या वर्गांतले लोक. म्हणून आधी खेड्यापाड्यांतून प्राथमिक शिक्षण पसरवा आणि शिष्यवृत्त्या अशा रीतीने द्या की ज्या वर्गांत विद्या पोचलेली नाही त्यांना उत्तेजन मिळेल, असा त्यांचा आग्रह होता. त्याच निवेदनातील आणखी एका सूचनेकडे आमच्यासारख्यांचे लक्ष सहज जाते. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला खाजगी अभ्यास करून बसता येत असे. तीच सवलत पदवीच्या परीक्षांनाही द्यावी, म्हणजे ज्यांना महाविद्यालयात जाणे शक्य नाही तेही शिकू शकतील, असे जोतीरावांनी सुचवले होते. पुढे बहिःस्थ परीक्षा आल्या, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. जोतीरावांच्या निवेदनापासून ते या विद्यापीठापर्यंत एकशे सात वर्षे गेली. गरिबाची मागणी मान्य होते. पण कधी कधी त्याच्या पणतूच्या वेळी होते.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. सार्वजनिक पैसा जेथे पोचत नाही तेथे पदवीची किंमत कोण भरतो? गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण घ्या. वडील १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडले आणि कागलला नोकरी धरली. पगार दरमहा पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत आणि उरलेल्या सातांत घर चालवीत. १८८४ साली गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. इतिहासात गोपाळराव आले, आणि ते योग्यच झाले. पण पगाराच्या निम्म्याहून अधिक रक्कम दर महिन्याला देणाऱ्या भावाचे नाव किती जणांना ठाऊक आहे? माझ्या मते त्या पदवीवर दोघांची नावे लिहावयास हवी होती.

भीमराव आंबेडकरांच्या घरीही असेच घडले. वडील सुभेदार रामजी हे लष्करातून निवृत्त झालेले, पेन्शन तुटपुंजी, बिऱ्हाड परळच्या चाळीतल्या एका खोलीत. दोन्ही मुलांना शिकवणे झेपेना म्हणून थोरल्याने शाळा सोडून नोकरी धरली. त्या एका खोलीत माणसे झोपल्याखेरीज अभ्यासाला शांतता नाही. म्हणून मुलाने आधी झोपून घ्यावे, रात्री दोनच्या सुमारास वडिलांनी त्याला उठवावे, आणि त्याने मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचावे, असा क्रम होता. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण टाकीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करीत. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. पुढे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्याची गाठ सयाजीराव गायकवाडांशी घालून दिली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. या हिशेबाकडे नीट पाहा. बापाची झोप, भावाची शाळा, बहिणीचा दागिना, एका शिक्षकाची खटपट आणि एका राजाचे पंचवीस रुपये, एवढे सारे एकत्र आले तेव्हा एक पदवी झाली. यातील एकही गोष्ट उणी पडली असती तर? आपल्या देशात अशा उण्या पडलेल्या गोष्टींमुळे किती मुले पायरीवरून माघारी फिरली असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

पैशाच्या खालोखाल अडचण येते ती राहण्याजेवण्याची. पूर्वी गरीब ब्राह्मण विद्यार्थी शहरात आला तर त्याला माधुकरी होती, वार लावून जेवण्याची सोय होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा निघे. त्यात मानहानी पुष्कळ असेल, पण पोटाची सोय होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या किंवा मुसलमानाच्या मुलाला शहरात असा वार कोण देणार? त्याला भाड्याने खोलीसुद्धा मिळत नसे. राजर्षी शाहू महाराजांनी हे अचूक ओळखले. शाळा उघडली म्हणजे शिक्षण झाले असे होत नाही, आधी मुलाला छप्पर आणि भाकरी पाहिजे. १८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांचे, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. इचलकरंजीहून कोल्हापुरास जाताना आपण कितीदा त्या इमारतींवरून जातो, पण तेथे राज्यशास्त्रातला केवढा मोठा धडा लिहिलेला आहे हे आपल्या मनात येत नाही. वाराच्या जेवणाची जागा तेथे हक्काच्या ताटाने घेतली.

साताऱ्यात हेच काम भाऊराव पाटलांनी आणखी पुढे नेले. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या या माणसाने १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. मुलांच्या धान्याला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. पुन्हा पाहा, हिशेबाच्या वहीत एका बाईचा दागिना जमा झाला! १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. सकाळी शेतात किंवा बांधकामावर काम करावयाचे आणि मग वर्गात बसावयाचे. कामगार कार्यकर्ता या नात्याने मला या योजनेत विशेष मोल वाटते ते याचे, की तिने मुलाला बापाच्या धंद्याची लाज वाटू दिली नाही. हाताला घट्टे असलेला मुलगा तेथे परका नव्हता.

तिसरी अडचण वेळेची. कमावत्या माणसाला दुपारचे महाविद्यालय काय कामाचे? मुंबईत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालवली. पण ती मजल शाळेपर्यंतची. महाविद्यालयाचे घड्याळ बदलले ते डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले ते सकाळच्या वर्गांनी, म्हणजे तास संपवून नोकरदार मुलगा आपल्या कचेरीत वेळेवर पोचू शके. ज्याने एका खोलीत रात्री दोन वाजता उठून अभ्यास केला, त्याला घड्याळाचे महत्त्व कोणी शिकवावयास नको होते. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अत्यंत तोकडी असताना १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांच्याच संस्थेने महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. तत्पूर्वी, ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आदिवासी विद्यार्थ्यांना ती स्वातंत्र्यानंतर लागू झाली. १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळाली, आणि तिची मर्यादा पुढे वर्षाला बाराशे रुपये झाली. 'ईबीसीचा फॉर्म' हा शब्द तेव्हापासून गरिबांच्या घरात रुळला. गावोगावी महाविद्यालये निघाली, आणि घरातला पहिला पदवीधर ही गोष्ट नवलाची राहिली नाही.

ही चढण अशीच चालू राहिली असती तर मला आज बोलावयाचे कारण नव्हते. पण दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात अशी माझी विनंती आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरचा पगार थांबला, आणि पुष्कळांच्या घरी तो पुन्हा कधी आलाच नाही. त्याच्या पुढल्याच वर्षी, १९८३ साली, महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या हे खरे, आणि अनेकांची सोय झाली हेही खरे. परंतु बापाच्या खिशातला पैसा जाण्याची आणि मुलाची फी वाढण्याची वेळ एकच यावी, हा योग गिरणगावातील एका पिढीला फार महाग पडला. इतिहासकार या दोन घटना दोन वेगळ्या प्रकरणांत लिहितात. कामगाराच्या घरात त्या एकाच ताटात वाढल्या गेल्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. विठ्ठलराव दातारांनी येथे १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला आणि इचलकरंजी मागांचे गाव झाले. येथे बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, बायका कांड्या भरतात. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या युनियनच्या कचेरीत बोनसच्या कागदांबरोबर प्रवेशाचे कागद येऊ लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातपडताळणी, अधिवास, बँकेच्या खात्याला आधार जोडणे, संगणकावरचा अर्ज. शिकलेल्या घरात ही चार दिवसांची कटकट असते. मागावरच्या माणसाला प्रत्येक कागद म्हणजे एक खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचा रोजगार बुडाला. फीमाफी देणारा कायदा हे पाच-सहा खाडे मोजत नाही. शिवाय फीची रक्कम सरकारकडून यथावकाश येणार असली, तरी पुस्तके, बसचा पास आणि मेसचे पैसे जूनमध्येच लागतात. शिष्यवृत्ती उशिरा आली तर ती दिवाळीनंतर पडलेल्या पावसासारखी, पेरणी तोवर करपून गेलेली असते.

यापुढची अडचण कागदावर दिसतच नाही. मराठी शाळेत पहिला-दुसरा येणारा मुलगा महाविद्यालयात जातो आणि पहिल्याच दिवशी तास इंग्रजीतून सुरू होतो. कालपर्यंत ज्याला सर्व कळत होते त्याला आज काही कळेनासे होते, आणि भाषा बदलली आहे हे न ओळखता तो समजतो की आपली बुद्धीच आटली. जर्नल म्हणजे काय, प्रॅक्टिकलची बॅच कोणती, अंतर्गत गुण कशाचे, विषय बदलावयाचा असेल तर कोणास भेटावे, हे शेजारच्या मुलाला त्याच्या काकाने आधीच सांगितलेले असते. याला सांगणारे घरात कोणी नाही. आणि प्राध्यापकांना विचारावे तर 'एवढेही माहीत नाही' असे होईल या भीतीने तो विचारत नाही. घरी आई विचारते, "काय शिकवलं रे आज?" आणि तो "काही नाही" म्हणून पुस्तक उघडून बसतो. हे मौन मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. पहिल्या सहामाहीत नापास होऊन मागावर परत येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी मुले या मौनात बुडालेली असतात. त्यांना मठ्ठ म्हणणे हा अन्याय आहे. ती मुले एकटी पडली होती.

आणि मुलींचे काय? २०२४ साली महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण मी आरंभापासून जो हिशेब मांडत आलो तो आता पुरा करतो. गोपाळरावांसाठी भाऊ थांबला, भीमरावांसाठी भाऊ थांबला आणि बहिणीचा दागिना गेला. आज भाऊ शिकावा म्हणून बहुधा बहीण थांबते. तिला कोणी 'शाळा सोड' असे म्हणत नाही. आई कांड्या भरावयास जाते तेव्हा धाकट्यांकडे पाहावयास ती घरी राहते, मग परीक्षा बुडते, मग स्थळ येते. घरातला पहिला पदवीधर पेढे वाटतो तेव्हा ताट घेऊन आत-बाहेर करणारी जी मुलगी असते, तिच्या गुणपत्रिका एकदा पाहाव्यात. एका मुलाचे शिक्षण दुसऱ्या मुलीच्या शिक्षणातून कापून घ्यावे लागत असेल, तर त्या घराने सार्वजनिक जबाबदारीचा भार आपल्या पोरीच्या डोक्यावर उचलला, असाच त्याचा अर्थ होतो. ही कपात बेकायदेशीर नसेल, पण कोणत्याही युनियनने ती मान्य करू नये.

माझ्यासारख्या माणसाकडे बोट दाखवून काही सज्जन म्हणतात, "तुम्ही कुठे कॉलेजात गेला होता? माणूस स्वतःच्या बळावर शिकतो." हे कौतुक प्रेमाचे असते, पण ते धोक्याचे आहे. नारायण सुर्वे यांनी १९६६ साली आपल्या कवितासंग्रहाला 'माझे विद्यापीठ' असे नाव दिले, ते कवीला शोभून दिसले. परंतु नगरपालिकेने, सरकारने किंवा सधन नागरिकांनी गरिबाच्या पोरास 'रस्ता हेच तुझे विद्यापीठ' असे सांगणे म्हणजे आपली देणी बुडवणे होय. मी वाचनालयात शिकलो, म्हणून मला ठाऊक आहे की एकट्याने शिकताना किती वर्षे वाया जातात. चुकीचे पुस्तक आधी हाती येते, बरोबरचे दहा वर्षांनी सापडते, आणि शंका विचारावयाला कोणी नसते. शिक्षक जी गोष्ट एका तासात सांगतो तिला एकट्याला एक हिवाळा लागतो.

या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट शिकावयास मिळाली. सरकारी योजना येण्याआधी कोठेतरी चार माणसांनी काम सुरू केलेले होते. केळुसकर एक शिक्षक होते. पुण्यात गंगारामभाऊ म्हस्के यांनी डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन काढली नसती, तर विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखा जमखंडीचा विद्यार्थी फर्ग्युसन महाविद्यालयात टिकून १८९८ साली बी.ए. होणे अवघड होते. लक्ष्मीबाईंनी सरकारी आदेशाची वाट पाहिली नाही. तेव्हा सरकारकडे मागावयाचे ते आम्ही मागूच; त्यासाठीच आमची युनियन आहे. पण या सभागृहात शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतील निवृत्त मंडळी आहेत, मागमालकही आहेत. जून महिन्यात वाचनालयाच्या ओसरीवर संध्याकाळी सात ते नऊ एक टेबल मांडावे, आणि अर्ज कसा भरावा हे पाळी सुटल्यावर येणाऱ्या माणसास सांगावे. मालकांनी दाखल्यासाठी लागणाऱ्या दोन दिवसांचा खाडा धरू नये. निवृत्त प्राध्यापकांनी पहिल्या सहामाहीत आठवड्यातून दोनदा, मराठीतून शिकून आलेल्या मुलांना इंग्रजी तासांचा अर्थ समजावून सांगावा. आणि ज्या घरी मुलगा शिकतो आहे त्या घरी जाऊन आपण एवढेच विचारावे, "मुलगी कितवीत आहे?"

या कामाला फार मोठा निधी लागत नाही. जून यायला अजून काही आठवडे आहेत. ज्यांना त्या टेबलापाशी बसावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत.